खारं पाणी जमिनीत, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मुलगा ओहायोत राहतो. घराजवळ तेलउद्योगाचं खारं सांडपाणी खोल जमिनीत सोडणारी विहीर होते आहे. त्याच्या बोअरचं पाणी सुरक्षित राहील?

उत्तर : अमेरिकेत १९७४च्या सुरक्षित पेयजल कायद्याने अशा विहिरींवर नियंत्रण आलं. ओहायोत परवाना राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं देतं. पिण्यायोग्य भूजलाच्या थराशी पोलादी नळी आणि सिमेंटचं कवच लागतं, गळतीची चाचणीही होते. मात्र तेल-वायूच्या या पाण्याला घातक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांतून सूट आहे, ती मला अजिबात पटत नाही. शिवाय २०११च्या अखेरीस ओहायोतल्याच यंग्सटाउन शहरात अशाच विहिरीमुळे भूकंप झाले. विहीर सुरू होण्याआधीच बोअरच्या पाण्यातले क्षार, क्लोराइड, बेरियम प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपायला सांगा. उद्या तक्रार करायची झाली तर तोच पुरावा.