धडधाकट माणूस घरी का बसतो?

‘माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार अमरावतीच्या इतवारा बाजारापासून अकोल्याच्या ताजनापेठेपर्यंत कोठेही ऐकावी. शिलाईवाल्याला कारागीर हवा आहे, गॅरेजवाल्याकडे पोरगा टिकत नाही, बेकरीवाल्याला भट्टीपुढे उभा राहणारा सापडत नाही. आणि त्याच बाजाराच्या तोंडाशी असलेल्या पानठेल्यावर सकाळी अकरा वाजता वीस-पंचवीस वर्षांची, हातापायांनी धड अशी आठ-दहा मुले उभी असतात. दुकानदार त्यांच्याकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, कामचोर आहेत.

आम्हीही पुष्कळ दिवस असेच म्हणत आलो. परंतु व्यापारी माणसाने एखादा माल का खपत नाही याचे कारण गिऱ्हाइकाच्या स्वभावात शोधू नये, आधी आपला भाव आणि आपला माल तपासावा, असे आपण धंद्यात शिकतो. कामाच्या बाबतीत मात्र हाच नियम आपण विसरतो. आपण देत असलेले काम हासुद्धा एक माल आहे आणि तो ठेल्यावरचा मुलगा त्याचा गिऱ्हाईक आहे. तो घेत का नाही, हे आज पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. सरकारी पाहणीत ज्याला बेरोजगार म्हणतात तो माणूस काम शोधत असतो किंवा मिळाल्यास करावयास तयार असतो. ज्याने शोधणेच सोडून दिले तो बेरोजगारांत मोजला जात नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर धरला जातो. श्रमशक्ती पाहणीप्रमाणे देशातील बेरोजगारीचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आले. १५ ते २९ वर्षांच्या तरुणांत ते अनुक्रमे १७.८ आणि १०.२ टक्के होते. आकडा उतरला हे खरे, परंतु ठेल्यावर उभा असलेला आमचा मुलगा या आकड्यात कदाचित कधी नव्हताच.

आता भावाकडे येऊ. समजा, शिलाईचे दुकान नवशिक्या मुलाला दिवसाला २०० रुपये देते. मुलगा जवळच्या खेड्यातून येतो. जाण्यायेण्याचे ५० आणि चहा-नाश्त्याचे ३० गेले, की हातात १२० उरले. सकाळी दहा ते रात्री नऊ म्हणजे अकरा तास, त्यामुळे तासाला अकरा रुपयेदेखील पडत नाहीत. ग्रामीण रोजगार हमीच्या मातीकामाचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे सरकार खड्डा खणण्याला जे देऊ करीत होते, त्याहून शंभरावर रुपये कमी आपण सुई-दोऱ्याच्या हुनराला देतो. यावर दुकानदाराचे उत्तर असते की पहिले वर्षभर तो माझे कापड बिघडवितो, शिकवितो मीच. उत्तर खोटे नाही. पण मग हे शिक्षण किती महिन्यांचे, त्यानंतर काय मिळेल, नगावर मिळेल की पगार, हे त्या मुलाला कोणी सांगितले? बहुतेक दुकानांत हे ठरलेलेच नसते. पाच वर्षे काज-बटण करणारी मुले आम्ही पाहिली आहेत, कात्री त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही.

प्रत्येक माणसाच्या मनात एक दर असतो. त्याखाली तो काम करीत नाही, घरी बसणे पत्करतो. हा दर पोटावर ठरतो, तसाच घरावरही ठरतो. ज्या घरात थोरला भाऊ आखातात आहे आणि महिन्याला पैसे येतात, तेथे धाकट्याचा दर चढतो. वडील हमाली करीत असतील आणि चूल त्या दिवसाच्या कमाईवर पेटत असेल, तर मुलगा मिळेल त्या पैशात उभा राहतो. त्यामुळे घरी बसलेला माणूस बहुधा अगदी गरीब घरातला नसतो. त्याला बसवून खाऊ घालणारे कोणीतरी असते आणि बहुतेक वेळा ती आई असते. तिला विचारले तर ती म्हणते, ‘पोरगं घरी असलं तर बाजारहाट तरी करतं.’

परंतु सर्व काही भावावर आटोपत नाही. आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख, आणि कापसाच्या भोवती किती कसब उभे होते ते आठवा. बाळापूरची पागोटी, अकोटच्या सतरंज्या, गावोगाव पिंजण खांद्यावर टाकून फिरणारे पिंजारी. थंडीच्या तोंडाशी तातेचा आवाज गल्लीत आला, की घरातली जुनी गादी अंगणात येत असे. पुढे पिंजाईचे यंत्र आले, मग फोमची गादी आली. पिंजाऱ्याचा मुलगा आज कापसाला हात लावीत नाही. त्याला विचारले तर तो मजुरीचे कारण देत नाही. तो म्हणतो, लोक नावाने हाक मारीत नाहीत, धंद्याच्या नावाने मारतात.

येथे आपल्याच समाजाला दोन शब्द ऐकवावे लागतील. कोणताही हलाल धंदा हलका नाही, हे आपण जलशांतून ऐकतो आणि माना डोलावतो. पण सोयरिकीची बोलणी निघाली, की पहिला प्रश्न असतो मुलगा काय करतो. गॅरेजात ग्रीस लावलेले हात असलेला, महिन्याला पंधरा हजार मिळविणारा मुलगा मागे पडतो आणि काकाच्या दुकानात गल्ल्याजवळ नुसता बसणारा पुढे जातो. मुले हे पाहतात. हात काळे करण्यापेक्षा हात रिकामे ठेवणे स्थळ म्हणून बरे, हा हिशेब त्यांनी आपल्याकडूनच शिकला आहे.

मग राहते नोकरीची वाट. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी राज्यात दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. अर्ज करणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही. कायमचा पगार, निवृत्तीनंतरची सोय आणि गावात मान, या तिन्ही गोष्टी आपले कोणते दुकान देते? एक-दोन वर्षे अभ्यासाला देणे यात गैर काही नाही. पण तिशी ओलांडली, वयाची अट संपत आली, तरी ‘तयारी चालू आहे’ असे म्हणणारे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ती तयारी केव्हाच थांबलेली असते, फक्त शब्द चालू असतो. कारण तो शब्द गेला तर ‘रिकामा’ हा दुसरा शब्द चिकटेल.

वाट पाहण्याने माणसाचे काय होते, याची एक पाहणी जुनी असली तरी वाचण्यासारखी आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव होते. सारे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी १९३१-३२ मध्ये तेथे जाऊन लोक दिवसभर काय करतात ते टिपले आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. हाती वेळ भरपूर असल्याने लोक जास्त वाचतील, सभांना जातील, असे कोणालाही वाटेल. घडले उलट. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायका मात्र पूर्वीसारख्याच घाईत होत्या, कारण घरचे काम बंद पडले नव्हते. दिवसाची नोंद लिहावयास सांगितली तेव्हा पुरुषांना उठणे, जेवणे आणि झोपणे याखेरीज फारसे काही आठवेना.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची वाटत असेल तर अचलपूरला जाऊन यावे. अकोल्याची सावतराम मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या होत्या. पुढे मुंबईची फिनले मिल अचलपूरला आणली गेली, तेव्हा गावाला मोठी आशा वाटली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली, आणि पुढे वर्षानुवर्षे कामगार ती सुरू करा म्हणून मागणी करीत राहिले. गिरणीत पाळी सांभाळलेल्या माणसाला कोणी म्हणावे की आता केळीची गाडी लाव, तर तो लगेच लावीत नाही. भोंग्यावर चाललेला दिवस एकाएकी स्वतःच्या मर्जीवर चालवणे सोपे नसते. पहिले सहा महिने तो गिरणीची वाट पाहतो, त्यात चूक काही नाही. दुसऱ्या वर्षी तो वाट पाहत नसतो, त्याचा केवळ उठण्याचा जोम गेलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आळस म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो तो बरेचदा हा दुसऱ्या वर्षीचा माणूस असतो.

जिनवरच्या मजुरांचे वेगळे. दिवाळीपासून रेचे फिरतात, उन्हाळ्यात थंडावतात. मोसमात मान मोडून राबलेला माणूस जेठ महिन्यात ओट्यावर दिसला, तर त्याला बसलेला म्हणू नये.

खरोखर आपल्या मर्जीने बसलेलेही आहेत. बाजारात वडिलोपार्जित दोन गाळे आहेत, भाडे येते, भागते. यात कोणाचे कर्ज नाही, कोणापुढे हात पसरलेला नाही, मग आपण बोलणारे कोण, असे म्हणता आले असते. पण अशा कित्येक घरांत त्या गाळ्यांत बहिणींचाही हिस्सा असतो आणि तो वाटून दिलेला नसतो. भावाची फुरसत बहिणीच्या पैशावर चाललेली असते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तो पुढे कधी घेऊ.

बायकांच्या ‘घरी बसण्या’बद्दल तर बोलूच नये. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदविले होते की कामकरी मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातूनच काम करतात. सर्व स्त्रियांत हे प्रमाण ५१ टक्के होते. साडीला फॉल-पिको, गाद्यांच्या खोळी, पापड, विड्या. नवऱ्याला विचारा, बायको काय करते? तो म्हणतो, काही नाही, घरीच असते. खोळी शिवून घेणारा व्यापारीही तिचे नाव वहीत लिहीत नाही, नवऱ्याचे लिहितो.

मग करावे काय? अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग येतो, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण धंद्याच्या नजरेने तो क्वचितच वाचला जातो. एक अन्सारी गृहस्थ अल्लाहच्या प्रेषितांकडे (स.) मदत मागावयास आला. घरात एक जाडेभरडे वस्त्र आणि पाण्याचे एक भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते लिलावात दोन दिरहमांना विकले. एका दिरहमाचे अन्न घरी पाठविले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे सांगितले. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. येथे क्रम पाहावा. आधी घरच्या लोकांचे पोट, मग हत्यार, मग ज्याला बाजार आहे असे काम, आणि मग ठरलेली मुदत. आळसावर व्याख्यान त्यात नाही.

आपल्यापैकी किती जण मुलाला हत्यार देतात? शिंपी, लोहार, गवंडी, कुलूप बनविणारा अशा १८ कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद केली गेली. व्याज नको असणाऱ्याने कर्जाचा भाग बाजूला ठेवून प्रशिक्षण आणि हत्यारे यांचा विचार करावा. कुटुंबातील एकालाच लाभ घेता येतो हे ध्यानात ठेवावे. पिंजारी त्या अठरांत नाही, याची खंत आम्हांला आहे.

आमच्या ओळखीचे अकोल्याचे एक गादीवाले आहेत. त्यांच्याकडे वर्षाला सहा-सात पोरे येत आणि जात. गेल्या हिवाळ्याआधी त्यांनी तीन मुले घेतली आणि प्रथमच एक कागद लिहिला. पहिले तीन महिने रोज ३०० रुपये, चौथ्या महिन्यापासून प्रत्येक गादीमागे ठरलेला दर, सुटी जुम्याला अर्धा दिवस, आणि वर्ष झाले की शिलाई मशीन मुलाच्या नावावर. दुकानात त्यांना ‘ए पोरा’ म्हणणे बंद झाले, नावाने हाक मारावी असे त्यांनी आपल्या मुलांनाही बजावले. खर्च वाढला. पहिल्या दोन महिन्यांत तोटा झाला हे ते स्वतः सांगतात. तीनपैकी दोघे टिकले, त्यातला एक आता दिवसाला चार गाद्या भरतो. तिसरा आठव्या दिवशी निघून गेला आणि कारण सांगितले नाही. तो ठेल्यावर दिसतो, सलाम करतो, गादीवालेही त्याला चहा पाजतात आणि विचारतात, बेटा, कधी येतोस?