कायद्यातील ‘शॅल’ आणि ‘मे’

सातारा जिल्ह्यातील मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्यातील ग्रामपंचायती ज्या तरतुदींच्या आधारे उभ्या आहेत, त्यांच्या इंग्रजी पाठात ‘शॅल’ आणि ‘मे’ ही दोन सहायक क्रियापदे पानोपानी आढळतात. दोन्ही मुख्य क्रियापदाच्या आधी येतात आणि कर्त्याच्या वचनानुसार बदलत नाहीत. व्याकरणात इतके साम्य असले, तरी एकाने कर्तव्य सांगितले जाते व दुसऱ्याने मुभा.

शाळेत ‘शॅल’ शिकविले जाते ते ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्या भविष्यकाळासाठी. कायद्यात मात्र ते तृतीयपुरुषी कर्त्यासह येऊन आज्ञा सांगते. मराठी पाठात त्याचे ‘करील’ होते, आणि येथेच अडचण उद्भवते. ‘संध्याकाळी पाऊस येईल’ यात केवळ संभव असतो. त्यामुळे ‘पंचायत करील’ हे शब्द नवख्या सदस्यास अंदाजासारखे वाटतात. वस्तुतः तेथे ‘केलेच पाहिजे’ असा अर्थ घ्यावयाचा असतो. ‘मे’चे ‘करता येईल’ होते. त्याचा अर्थ अधिकार, ‘कदाचित करील’ असा नव्हे.

२४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीत हा भेद ठळकपणे दिसतो. अनुच्छेद २४३-बी पंचायतींच्या स्थापनेसाठी आणि २४३-डी अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांसाठी ‘शॅल’ योजतो. परंतु पंचायतींना अधिकार देण्याविषयीच्या २४३-जी मध्ये ‘मे’ आहे. म्हणजे पंचायत असणे घटनेने बंधनकारक केले. तिच्या हाती काय द्यावे, हे राज्य विधानमंडळावर सोपविले. अकराव्या अनुसूचीतील २९ विषय आपोआप ग्रामपंचायतीकडे आले, ही समजूत याच एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने होते. त्यासाठी राज्याचा अधिनियमच पाहावा लागतो.

अर्थात ‘शॅल’ही सर्वत्र सारखे कठोर नसते. लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत करण्यासंबंधी अनुच्छेद ३२० मधील ‘शॅल’ बंधनकारक नसून निदेशात्मक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात दिला.

शिक्षकांस अधिक चकविणारे आहे ते ‘मे नॉट’. वर्गात त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाही सांगितला जातो. वीस लाखांहून अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्यांतील मधल्या स्तरावरील पंचायतींबाबत २४३-बी मध्ये हेच शब्द आहेत. पण तेथे ‘स्थापन करता येणार नाहीत’ हा अर्थ नाही. ‘स्थापन न केल्या तरी चालेल’, एवढेच तेथे म्हटले आहे.