दानशूर शेजारी आणि नायजेरियाचे बोलपट

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताला लागून, नायजेरिया नांवाचा विस्तीर्ण देश आहे. त्याची लोकसंख्या वीस कोटींच्या वर असून आफ्रिकेंतील दुसऱ्या कोणत्याही देशाची वस्ती एवढी नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत या देशाचें नांव ताडाचें तेल, कोको, कथील व खनिज तेल यांच्या संबंधानें येतें. परंतु तेथील आणखी एक माल असा आहे कीं, तो साऱ्या आफ्रिकेंत घरोघर जाऊन पोंचला आहे. तो म्हणजे तेथील बोलपट. प्रस्तुत लेखांत त्या बोलपटांना, विशेषतः विनोदी बोलपटांना, पुरून उरणाऱ्या एका विषयाचा विचार करावयाचा आहे. तो विषय म्हणजे दानांतील चढाओढ.

या बोलपटांचा जन्म मोठ्या चित्रमंदिरांत झाला नाहीं. केनेथ न्नेब्यू नांवाच्या एका व्यापाऱ्यानें सन १९९२ मध्यें इग्बो भाषेंत 'लिव्हिंग इन बाँडेज' हा बोलपट काढला, आणि तो व्हिडिओ कॅसेटींवर उतरवून बाजारांत विकला. त्यांतील नायक बरोबरीच्या मित्रांचें वैभव पाहून अस्वस्थ होतो, आणि द्रव्याच्या लोभानें एका गुप्त मंडळाच्या नादीं लागून आपल्या साध्वी पत्नीचा बळी देतो. शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून आपल्या घरांतील माणूस गमावणें हा त्या कथेचा गाभा होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यानंतर हा धंदा इतक्या झपाट्यानें वाढला कीं, सन २००६ साठीं युनेस्को संस्थेनें जी गणना केली, तींत भारताचे १०९१, नायजेरियाचे ८७२ आणि अमेरिकेचे ४८५ चित्रपट भरले. थोड्या दिवसांत व थोड्या पैशांत चित्र पुरें करावयाचें असल्यामुळें कथानकें राजवाड्यांतून न आणतां शेजारच्या अंगणांतून उचलावीं लागलीं. माझ्या मतें हें त्या धंद्याचें भाग्यच होय.

आतां अशा अंगणांतील एक कथानक आपण मनाशीं रचून पाहूं. समजा, लागोस शहराच्या एका सुखवस्तु आळींत दोन बंगले भिंतीला भिंत लावून उभे आहेत. नाताळच्या आठवड्यांत पहिल्या बंगल्याच्या धन्यानें गोरगरिबांना तांदळाचीं दहा पोतीं वांटलीं. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या बंगल्यापुढें वीस पोतीं आलीं, आणि वर तेलाचे डबे. पहिल्यानें शाळेचें छप्पर घालून देण्याचें जाहीर केलें. दुसऱ्यानें त्याच शाळेला विहीर देऊं केली, आणि विहिरीवर आपल्या आईचें नांव कोरण्याची अट घातली. आळीच्या टोंकाला एक विधवा राहते. तिच्या दारांत आतां तांदळाचीं दोन पोतीं पडलीं आहेत, पण तिच्या मुलाची परीक्षेची फी भरावयाची राहिली आहे. ती कोणाजवळ मागावी, हा तिला प्रश्न पडला आहे. कारण एकाजवळ मागितली, तर दुसऱ्याचा तो अपमान ठरेल. प्रेक्षक दोन्ही धन्यांना हंसतो. त्या बाईकडे दृष्टि गेली म्हणजे मात्र त्याचें हंसें थांबतें. विनोद आणि करुण यांचा असा मिलाफ ज्या खेळांत असतो, तो रचावयास सोपा दिसला तरी वठवावयास फार कठीण.

असें कथानक कोणत्याही देशांत घडूं शकेल. मग नायजेरियांत तें इतकें शोभून कां दिसावें? याचें उत्तर तेथील चालीरीतींत आहे. तेथें देणें ही चारचौघांसमोर करावयाची गोष्ट मानिली जाते.

देशाच्या नैऋत्य भागांतील योरुबा लोकांचेंच उदाहरण घेऊं. त्यांच्यांत प्रत्येक घराण्याची, किंबहुना व्यक्तीव्यक्तीची, एक बिरुदावली असते. तिला 'ओरिकी' म्हणतात. योरुबा भाषेंत शब्दाचा अर्थ स्वराच्या उंचसखलपणावर अवलंबून असतो, आणि उच्च, मध्यम व नीच असे तीन स्वर मानितात. 'दुंदुन' नांवाचें डमरूच्या घाटाचें एक चर्मवाद्य तेथें आहे. तें काखेंत धरून त्याच्या वाद्या दाबल्या कीं नाद चढतो, सैल सोडल्या कीं उतरतो. अशा रीतीनें वादक भाषेचे स्वरच त्या वाद्यांतून काढतो, आणि जाणत्या कानांना त्याचीं वाक्यें कळतात. समारंभाच्या मांडवांत पाहुण्यानें पाऊल टाकलें कीं वादक त्याच्या वाडवडिलांचीं बिरुदें वाजवूं लागतो. सारी मंडळी माना वळवून पाहते. आतां खिशांत हात घातल्यावांचून त्या पाहुण्यास गत्यंतर नसतें! आपल्या आजोबांचें नांव शंभर माणसांसमोर वाजत असतां रिकाम्या हातानें पुढें जाणें त्याला कसें साधावें?

नृत्याच्या वेळीं याहूनही मौज होते. उत्सवमूर्ति नाचूं लागली कीं आप्तेष्ट जवळ जाऊन एकेक नोट तिच्या कपाळाला लावतात. नोटा खालीं पडतात, आणि एक माणूस त्या पिशवींत गोळा करीत मागून फिरतो. आपल्याकडील दौलतजादा ज्यांस ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार अगदीं परका वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, येथें तो मान केवळ गायकवादकांचा नसून यजमानाचाही असतो. एकेक नोट लावण्यांत मोठी खुबी आहे. शंभर नोटांचें पुडकें एकदम हातीं दिलें, तर काम क्षणांत संपेल. एकेक करून दिलें म्हणजे पाहणारांना मोजतां येतें, आणि शेजारी किती वेळ उभा राहिला होता, हेंही स्मरणांत राहतें. सरकारला ही चाल पसंत नाहीं. सन २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यानें नोटा उधळणें व त्यांवर नाचणें हा गुन्हा ठरविला असून त्यास निदान सहा महिने कैद किंवा निदान पन्नास हजार नायरा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. सन २०२४ मध्यें कांहीं नामांकित व्यक्तींना ती झालीही. तरी मांडव ओस पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

या देशाच्या उत्तर भागांत मुसलमान व दक्षिण भागांत ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत. गुप्तदानाची थोरवी या दोन्ही धर्मांच्या ग्रंथांत सांगितलेली आहे. दर शुक्रवारीं किंवा रविवारीं ती ऐकणारा मनुष्य शनिवारच्या मांडवांत मात्र नोटा मोजून लावतो! या विसंगतीवर विनोदकारानें बोट ठेवलें नाहीं, तरच नवल. त्या देशाचे नामवंत नाटककार वोले शोयिंका यांनीं 'द ट्रायल्स ऑफ ब्रदर जेरो' या सन १९६० च्या प्रहसनांत समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ढोंगी भविष्यवाद्याची अशीच रेवडी उडविली आहे. त्यांना पुढें सन १९८६ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु उघड दानाला केवळ हंसून मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. त्या देशाच्या रंगभूमीचा एक मोठा प्रवाहच अशा निधीसाठीं सुरू झाला. ह्यूबर्ट ओगुंडे नांवाचा एक तरुण लागोस येथें पोलीस खात्यांत नोकरीस होता. सन १९४४ मध्यें एका चर्चच्या इमारतीस पैसा जमविण्यासाठीं त्यानें एदेन बागेच्या कथेवर संगीत नाटक बसविलें, आणि लागोसच्या ग्लोव्हर स्मारक मंदिरांत त्याचा प्रयोग झाला. लोकांना तो इतका आवडला कीं, पुढल्या वर्षीं ओगुंडे यानें नोकरी सोडून स्वतःची नाटकमंडळी काढली. तिच्या पाठोपाठ गांवोगांव फिरणाऱ्या अनेक योरुबा मंडळ्या निघाल्या. पुढें त्यांतीलच नट चित्रपटांत आणि व्हिडिओंत गेले. देणगीच्या तिकिटावर उभी राहिलेली ही कला पुढें देणगीदारांचीच थट्टा करूं लागली, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

पूर्व भागांत या चढाओढीचें रूप आणखी निराळें होतें. इंग्रजी अमलांत शहरांत नोकरीस गेलेल्या लोकांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें सुधारणा-मंडळें स्थापिलीं. शेजारच्या गांवानें शाळा बांधली तर आपल्या गांवांत ती कां नसावी, या ईर्षेनें पै पै जमवून त्यांनीं शाळा उभारल्या, रस्ते केले, दवाखाने काढले. इबिबिओ लोकांच्या संघानें तर सन १९३८ मध्यें सहा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठीं परदेशीं पाठविले. अशा चढाओढीला कोणी नांवें ठेवावींत? गांवानें बांधलेली शाळा वाजंत्री निघून गेल्यावरही तेथेंच राहते, आणि तिच्या बांकावर बसणाऱ्या मुलाला कोणापुढें उभें राहून आभार मानावे लागत नाहींत.

तथापि, तें मूल एकटेंच असेल, तर स्थिति पालटते. चिनुआ अचेबे यांच्या 'नो लाँगर ॲट ईज' या सन १९६० च्या कादंबरींत हें फार मार्मिकपणें दाखविलें आहे. उमुओफिया या कल्पित गांवचे लोक वर्गणी काढून ओबी नांवाच्या हुशार मुलास विलायतेस पाठवितात. त्यासाठीं दिलेले आठशें पौंड त्यानें नोकरी लागल्यावर फेडावयाचे असतात. त्यानें कायदा शिकावा, अशी त्यांची इच्छा. तो वाङ्मय शिकून येतो. स्वागतसमारंभास सारे जण भरजरी पोशाखांत आलेले, आणि हा साध्या सदऱ्यांत. भाषणही साध्या शब्दांत करतो. लोक हिरमुसतात. कारण आठशें पौंडांत त्यांनीं आपल्या गांवासाठीं थोडी शोभाही विकत घेतली होती! पुढें त्यानें कोणत्या मुलीशीं लग्न करूं नये, याविषयींही मंडळाचे अध्यक्ष बोलूं लागतात. मिंधेपण म्हणजे काय, हें मीं तरी याहून स्पष्ट कोठें वाचलेलें नाहीं. कर्ज फेडतां येतें. परंतु अभिमानानें दिलेल्या मदतीची बाकी किती राहिली, हें देणारासच ठाऊक.

अलीकडच्या बोलपटांपैकीं दोहोंचा उल्लेख येथें केला पाहिजे. केमी आदेतिबा या दिग्दर्शिकेच्या 'द वेडिंग पार्टी' या सन २०१६ च्या चित्रांत इग्बो वरपक्ष आणि योरुबा वधूपक्ष यांची लागोसमधील लग्नांत जुंपते; दोन्हीं घरें श्रीमंत, आणि दोघांनाही आपणच वरचढ असल्याची खात्री. दुसरें सन २०१८ चें 'चीफ डॅडी'. त्यांत एक कोट्यधीश उद्योगपति नातलग, नोकरचाकर व आश्रित यांच्या मोठ्या गोतावळ्यास पोसत असतो, आणि एके दिवशीं अचानक मरतो. औदार्याचा झरा आटतांच त्याच्या कांठावर बसलेल्या मंडळींची जी त्रेधा उडते, तिच्यावर तें चित्र उभें आहे. दाता हयात असेपर्यंत त्याचें दान किती मोठें होतें, हेंच सर्वांना दिसत होतें. त्याच्यावांचून जगण्याचा मार्ग त्यानें किती जणांना दाखविला, हा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतरच पडतो.

येथवर हंसतां येतें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत अशा घटना घडल्या आहेत कीं, विनोदकारालाही लेखणी आवरावी लागावी. सन २०२२ च्या मे महिन्यांत पोर्ट हारकोर्ट शहरीं फुकट वस्तूंच्या वांटपासाठीं लोटलेल्या गर्दींत ३१ माणसें चेंगरून मेलीं. सन २०२४ मध्यें त्या देशांत महागाईचा वार्षिक दर शेंकडा ३० च्या वर गेला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या १८ तारखेस इबादान येथें मुलांसाठीं योजिलेल्या नाताळच्या मेळाव्यांत ३५ मुलें चेंगरून मेलीं. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस राजधानी अबुजा येथें व अनाम्ब्रा प्रांतांतील ओकिजा गांवीं धान्याच्या वांटपाच्या वेळीं मिळून तिसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. देणारांचा हेतु वाईट होता, असें म्हणण्याचें कांहीं कारण नाहीं. पण एका ठिकाणीं, एका वेळीं, एका फाटकाशीं भुकेलेल्यांची रांग लावणें हें वांटपास आवश्यक नसतें. तेंच धान्य आदल्या संध्याकाळीं घरोघर पोंचवितां येतें. तसें केलें म्हणजे रांग मात्र दिसत नाहीं. आपण कल्पिलेल्या दोन बंगल्यांच्या कथेंत फाटक कोठें होतें आणि विधवा कोठें उभी होती, हें आतां पुन्हा आठवून पाहावें.

याच देशांत, याच योरुबा लोकांत, देण्याघेण्याची आणखी एक जुनी रीत आहे. तिला 'एसुसु' म्हणतात. सॅम्युअल जॉन्सन यांनीं लिहिलेल्या योरुबांच्या इतिहासांत, जो सन १९२१ मध्यें छापला गेला, तिचें वर्णन आहे. आपली भिशी ती हीच. दहा बायकांनीं दर आठवड्यास सारखी रक्कम काढावयाची, आणि सगळी रास पाळीपाळीनें एकीला द्यावयाची. रक्कम ठरलेली असल्यामुळें तींत कोणी कोणावर वरचढ होऊं शकत नाहीं, आणि आज घेणारी पुढल्या आठवड्यास देणारी असते. गुलामांच्या जहाजांतून ही चाल वेस्ट इंडीज बेटांपर्यंत गेली, आणि तेथें तिचें 'सुसु' हें नांव अद्याप टिकून आहे. बाजारांत बसणाऱ्या बायकांसाठीं तिच्या जोडीला 'अलाजो' नांवाचा वसूल करणाराही असतो. तो रोज दुकानोदुकानीं फिरून कार्डावर खूण करतो, महिनाअखेर सांचलेली रक्कम परत देतो, आणि एका दिवसाची वर्गणी आपल्या श्रमाबद्दल ठेवून घेतो. त्याच्यापुढें दुंदुन वाजत नाहीं. क्वचित् एखादा अलाजो साऱ्यांची ठेव घेऊन पसार होतो, तेव्हां मात्र त्याचें नांव बाजारभर गाजतें.