इंग्रजी प्रश्नातील साहाय्यक क्रियापद

बीदर-कलबुर्गीकडील मराठी विद्यार्थ्याच्या कानांवर प्रश्नाच्या तीन रीती पडतात. मराठीत शेवटी ‘का’ येतो: ‘तो आला का?’ कन्नडात क्रियापदालाच ‘आ’ जोडतात: ‘अवनु बंदना?’ उर्दूत आरंभी ‘क्या’ ठेवतात: ‘क्या वह आया?’ तिन्हींत मूळ शब्दक्रम अबाधित राहतो. म्हणूनच आपण इंग्रजीतही ‘यू आर कमिंग?’ असे केवळ स्वर चढवून विचारतो. बोलताना ते खपते, लिहिताना नव्हे. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी यावे लागते: ‘आर यू कमिंग?’

साहाय्यक नसेलच, तर ‘डू’ला पाचारण करावे, काळाचा भार मग तोच वाहतो. बीदरचा मदरसा १४७२ चा. ‘महमूद गवान बिल्ट द मदरसा’ या विधानाचा प्रश्न होतो, ‘डिड महमूद गवान बिल्ड द मदरसा?’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला, तेव्हा ‘बिल्ट’चे पुन्हा ‘बिल्ड’ झाले. ‘डिड ही बिल्ट’ म्हणणे म्हणजे एकच ओझे दोघांच्या डोक्यावर देणे होय.

परंतु ‘हू बिल्ट द मदरसा?’ येथे ‘डिड’ नको. कारण ‘हू’ हाच कर्ता आहे. तसेच ‘टेल मी व्हेअर ही बिल्ट इट’ यात प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला, की शब्दक्रम पूर्ववत होतो. चुका बहुधा येथेच होतात. बीदरच्या किल्ल्याविषयी या चारही प्रकारची वाक्ये आज वहीत लिहून पाहा.