बॅटरीचं चिन्ह गायब झालं, तर खर्च किती?

लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह दिसेनासं झालं, की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. दिल्लीत हिंदूराव, मलकागंज, कमलानगर या पट्ट्यात दुकानांची वाण नाही. विद्यापीठाचा नॉर्थ कॅम्पस शेजारी आणि पुढे मुखर्जीनगरच्या अभ्यासिका, म्हणजे गिऱ्हाईकही बांधलेलं. त्यात स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मराठी मुलंमुली बरीच. दुकानदार दोन मिनिटं कळा दाबतो आणि म्हणतो, ‘विंडोज उड़ गई है, फॉर्मेट करना पड़ेगा.’ दिवस वाईट असला तर म्हणतो, ‘बोर्ड में दिक्कत है.’ ही निदानं कधी कधी खरीही असतात. पण ती खरी आहेत का, हे ठरवणारी तपासणी घरच्या घरी आणि फुकट होते, म्हणून ती आधी करावी.



आता तपासणी. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर जोडा, आणि चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाण्याची कळ दाबत राहा. एचपीत बहुधा एफ-१०, डेल, लेनोव्हो, एसर आणि एसूसमध्ये बहुधा एफ-२. निळ्या-काळ्या पडद्यावर मशीनची माहिती येते. बऱ्याच मॉडेलांत तिथेच किंवा कंपनीच्या तपासणी-प्रोग्रॅममध्ये बॅटरीची नोंद असते. हा प्रोग्रॅम एचपीत सुरुवातीला एस्केप आणि मग एफ-२ दाबून, तर डेलमध्ये एफ-१२ दाबून मिळतो. इथे विंडोज अजून सुरूच झालेली नसते, म्हणून या पडद्याची साक्ष महत्त्वाची. इथे बॅटरी दिसली तर बिघाड विंडोजमध्ये आहे आणि खर्च बहुतेक शून्य. इथेही ‘बॅटरी नाही’ असंच आलं, तर बॅटरी, तिची जोडणी किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. दुकानात जाण्याआधी या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटो दाखवलात की फॉर्मेटची भाषा बरीच कमी होते.

बायोसमध्ये बॅटरी दिसत नसली तरी एक फुकटचा उपाय उरतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरा. मग सगळं पुन्हा जोडून चालू करा. बोर्डावर वीजपुरवठा सांभाळणारी एक स्वतंत्र चिप असते. ती कधी कधी अडकते आणि अशाने मोकळी होते.

बॅटरी बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये दिसत नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त आढळते. विंडोज १० असेल तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, आणि तिथे सिस्टिम आयकॉन चालू-बंद करण्याची यादी उघडा. ‘पॉवर’ची खिट्टी बंद असेल तर चालू करा. ती फिकट होऊन हलतच नसेल, तर विंडोजला बॅटरी सापडत नाही असं समजा. (विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, हेही ध्यानात ठेवा.) विंडोज ११ मध्ये अशी खिट्टी नाही. तिथे आधी मशीन रीस्टार्ट करा, आणि तरी चिन्ह आलं नाही तर पुढचा उपाय करा.

स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘बॅटरीज’खाली दोन नोंदी हव्यात: एक मायक्रोसॉफ्ट एसी अडॅप्टरची, दुसरी एसीपीआय कंट्रोल मेथड बॅटरी या लांबलचक नावाची. दुसरीवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ म्हणा, मग वरच्या ‘अॅक्शन’मधून हार्डवेअर पुन्हा शोधायला लावा किंवा मशीन रीस्टार्ट करा. या नोंदीमागचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो आणि आपोआप परत बसतो. त्यामुळे ‘बॅटरी ड्रायव्हर डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइटला एक रुपयाही देऊ नका.

चिन्ह आहे पण सेटिंग्ज गायब, अशी दुसरी तऱ्हा. पॉवर प्लॅनच्या यादीत फक्त ‘बॅलन्स्ड’ उरलंय, ‘हाय परफॉर्मन्स’ नाही? नव्या बऱ्याच लॅपटॉपांत ते मुळातूनच तसं असतं, कारण त्यांची झोपेची पद्धत वेगळी आहे. उलट हाय परफॉर्मन्स निवडलेलं असेल तर सेटिंग्जमधला पॉवर मोड बदलता येत नाही. कंट्रोल पॅनेलमधून बॅलन्स्डवर आलात की तो परत मिळतो. प्लॅनच उडाले असतील तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवर या शब्दाला सी-एफ-जी जोडा, जागा सोडा, उणे चिन्ह द्या आणि रिस्टोअर-डिफॉल्ट-स्कीम्स हे इंग्रजीत सलग टाइप करा. मूळ प्लॅन परत येतात, मात्र तुम्ही बनवलेले पुसले जातात. आणि पॉवर बटण दाबल्यावर ‘सध्या कोणतेही पॉवर पर्याय उपलब्ध नाहीत’ असा संदेश येतो तेव्हा बहुधा कुणीतरी धोरण लावून ते लपवलेले असतात. लॅपटॉप ऑफिसचा किंवा संस्थेचा असेल तर त्यांच्या आयटीवाल्याला फोन करा, बाहेर उघडायला देऊ नका.

चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतं म्हणून लोक बॅटरी बदलून टाकतात, तेव्हा मात्र हळहळ वाटते. लेनोव्होच्या व्हँटेजमधला कॉन्झर्व्हेशन मोड, मायएसूसमधली बॅटरी-काळजीची सोय, एचपीच्या बायोसमधलं बॅटरी हेल्थ मॅनेजर हे सगळं बॅटरी टिकावी म्हणून मुद्दाम केलेलं असतं. ते बंद केलं की चार्जिंग पुन्हा पूर्ण होतं.

बॅटरी दिसते पण तासाभरात संपते, असं असेल तर तिचा हिशेब मागा. तोच कमांड प्रॉम्प्ट, पॉवर-सी-एफ-जी, जागा, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट सलग. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिली ४५,००० आणि दुसरी २७,००० असेल तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली आहे. ती निम्म्याच्या आसपास आली असेल तर बदलणं शहाणपणाचं. ऐंशी टक्क्यांवर असेल तर दुकानदार काहीही म्हणो, खिशात हात घालू नका. मॅकबुकवाल्यांना हीच माहिती सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर मिळते. तिथे ‘सर्व्हिस रेकमेंडेड’ दिसलं तर बदलण्याचा विचार करावा.

आता पैशांचं. पुढचे आकडे माझा ढोबळ अंदाज आहेत, मॉडेल आणि दुकान बदललं की ते हलतात. नुसती तपासणी २०० ते ५०० रुपये, आणि काम तिथेच केलं तर ती रक्कम बिलातून वजा व्हायला हवी. हे आधी विचारा. विंडोज पुन्हा बसवणं ५०० ते १,००० रुपये. ‘ओरिजिनल विंडोज’चे वेगळे पैसे कुणी मागितले तर नकार द्या. लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर परवाना बहुधा त्याच्या बोर्डातच असतो. दुसऱ्या कंपनीची चालणारी बॅटरी १,५०० ते ३,५०० रुपये, कंपनीची स्वतःची ४,००० पासून ८,००० पर्यंत, मॅकबुकची त्याहून वर. चार्जरची पिन जिथे जाते तो डीसी जॅक बदलायला ६०० ते १,५००. ‘चिप लेवल’ म्हणजे बोर्डावरची चार्जिंग आयसी बदलणं, २,००० ते ५,०००. या सगळ्यावर पक्क्या बिलात १८ टक्के जीएसटी लागतो. ‘बिल नको, कमी में कर दूँगा’ हा सौदा बॅटरीच्या बाबतीत तोट्याचा, कारण सहा महिन्यांत बॅटरी बसली तर हमीचा पुरावाच उरत नाही.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जावं का? विश्वविद्यालय स्थानकातून पिवळी लाइन, कश्मीरी गेटला जांभळी, आणि भाडं एका बाजूला साठ रुपयांच्या आत. बॅटरी बदलायची असेल तर जा, तिथे भावाची घासाघीस होते. मात्र स्थानकाबाहेर ‘लॅपटॉप, सॉफ्टवेअर?’ म्हणत मागे लागणाऱ्याच्या सोबत जाऊ नका. नुसत्या तपासणीसाठी जवळचं दुकान बरं, कारण मशीन दोनदा न्यावं लागलं तर दिवस जातो. त्याआधी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी पाहा. लॅपटॉपची मुदत वाढवून घेतलेली असली, तरी बॅटरीची बहुधा वर्षभराचीच असते.

बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा, लिथियम बॅटरीला तो सक्तीचा आहे. वजन, पिनची जागा, व्होल्ट हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहा, आणि बसवण्याचं काम डोळ्यांसमोर करून घ्या. टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढा, मशीन वापरू नका, बॅटरी टोचू किंवा दाबू नका. दिल्लीच्या मे-जूनमध्ये गादीवर ठेवून दिवसभर चार्जिंगला लावलेली मशीनं अशीच जातात. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानात किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

मशीन देण्याआधी नोट्सची प्रत दुसरीकडे घ्या. विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद असते. बोर्ड किंवा बायोस बदलला की ती बिटलॉकर या कुलपाची ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधीच लिहून ठेवा. नाहीतर दुरुस्ती होईल, पण वर्षाच्या अभ्यासाच्या फाइली आत अडकतील.

दुकानदाराने फसवलं, बिल दिलं नाही किंवा हमी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते. भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. परीक्षा संपवून साताऱ्याला परतलात, तर साताऱ्यातूनही.