घर उचलण्याआधीचे कागद

पुरापासून घर वाचवण्यासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार अनुदान देतं, पण घरमालकाला त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही हे ठाऊक नसतं. अर्ज शहर किंवा काउंटी करते. तो राज्याकडे जातो आणि तिथून फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती-व्यवस्थापन यंत्रणेकडे. आमच्या टेक्सासमध्ये ‘फ्लड मिटिगेशन असिस्टन्स’ या योजनेचे अर्ज वॉटर डेव्हलपमेंट बोर्डामार्फत पुढे जातात. शहराच्या त्या अर्जात आपण फक्त एक घर असतो. ते घर टिकेल की गळेल, हे मात्र आपल्या कपाटातल्या कागदांवर ठरतं.

आमचं घर ह्यूस्टनच्या मायरलँडमध्ये, ब्रेज बायूपासून जवळ. इथली बरीच घरं पन्नासच्या दशकातली, जमिनीलगतच्या स्लॅबवर उभी. मे २०१५, एप्रिल २०१६ आणि ऑगस्ट २०१७मधलं हार्वी चक्रीवादळ असे तीन मोठे पूर या शहरानं लागोपाठ पाहिले. आमच्या घरात २०१५ला पाणी शिरलं आणि हार्वीत पुन्हा. दोन्ही वेळा भिंतींचा शीटरॉक कंबरेपर्यंत कापून काढावा लागला. मी सांगलीची. पूर ओसरला की तलाठी येणार, पंचनामा होणार, मग मदत मिळणार, हा क्रम लहानपणापासून डोक्यात बसलेला. इथलं हे अनुदान तसं नाही. झालेल्या नुकसानीची ती भरपाई नव्हे. पुढच्या वेळी नुकसान होऊ नये म्हणून घर उंच करायला किंवा शहरानं ते विकत घेऊन पाडायला हे पैसे मिळतात. त्यामुळे पंचनाम्याची वाट पाहत बसू नका. यादीत नाव घालायला आपणच शहराच्या पूरक्षेत्र कार्यालयात जायचं असतं.

पहिली अट पूरविम्याची. या योजनेसाठी अर्जाच्या वेळी घरावर राष्ट्रीय पूरविमा चालू असावाच लागतो. कर्ज फिटलं, बँक विचारत नाही, म्हणून हप्ता वाचवणारी मंडळी मला दर वर्षी भेटतात. त्यांना कळकळीनं सांगते, असं करू नका. नवी पॉलिसी सहसा तीस दिवसांनंतर लागू होते, आणि वादळाचा अंदाज कधीच इतका आधी येत नाही.

मग दाव्यांचा इतिहास. केंद्राचा वाटा साधारण ७५ टक्के असतो, पण वारंवार बुडालेल्या घराला ९०, आणि ‘सीव्हिअर रिपिटिटिव्ह लॉस’ ठरलेल्या घराला पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. या शेवटच्या गटात बसायला प्रत्येकी पाच हजार डॉलरांवरचे चार दावे लागतात. किंवा इमारतीचे निदान दोन दावे, ज्यांची बेरीज इमारतीच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे. इथे बाजारभाव इमारतीचा धरतात, जमिनीचा नाही. आमच्या भागात जमीन महाग आणि जुनी घरं स्वस्त, त्यामुळे आपण या गटात बसतो हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. मालकाला आपल्या घराचा दाव्यांचा इतिहास फेमाकडून मागवता येतो. तो मागवा आणि पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

पावत्यांबद्दल जरा जास्त सांगते, कारण सगळ्यात मोठं दुःख मी तिथे पाहिलं. ओळखीच्या एका मराठी कुटुंबानं घर सरकारी खरेदीला द्यायचं ठरवलं. पुराआधीची किंमत मान्य झाली. मग विम्यातून दुरुस्तीसाठी मिळालेल्या पैशांचा हिशेब मागितला गेला. काम रोखीनं झालेलं, पावत्या निम्म्याच. जेवढा खर्च सिद्ध झाला नाही, तेवढी रक्कम किमतीतून वजा झाली. एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे द्यायचे नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण तो आधी कुणी सांगितला असता तर त्या घराचे कितीतरी हजार डॉलर वाचले असते. सुतारापासून गिलावा करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडून तारीख आणि पत्त्यासह बिल घ्या आणि त्याचा फोटो घराबाहेर कुठेतरी जपून ठेवा. पुरात पहिले कागदच जातात.

दुसरा फटका घाईचा. पूर ओसरला की घर उचलून देणारे कंत्राटदार दारोदार फिरतात. ‘आता सुरू करू, अनुदान मागाहून येईल,’ असं एकानं आमच्या गल्लीतल्या वयस्क जोडप्याला सांगितलं. त्यांनी सुरुवात केली आणि अर्ज बाद झाला. पाणी काढणं, राहण्याजोगी दुरुस्ती करणं, याला हरकत नसते. पण ज्या कामासाठी अनुदान मागितलंय, ते मंजुरीआधी सुरू केलं तर त्याचा एक डॉलरही मिळत नाही. मंजुरीला वर्षं लागतात, हे मनाशी धरूनच अर्ज करावा.

घराचं नुकसान इमारतीच्या किमतीच्या निम्मं किंवा अधिक ठरलं असेल, तर विम्याच्याच ‘आयसीसी’ (इन्क्रीज्ड कॉस्ट ऑफ कम्प्लायन्स) कलमाखाली तीस हजार डॉलरांपर्यंत वेगळे मिळू शकतात आणि ते आपल्या वाट्यापोटी भरता येतात. एजंट हे आपणहून क्वचितच सांगतो. विचारावं लागतं.

आणि घर उचललं की जगणंही बदलतं, तेव्हा घरात सगळ्यांनी बसून ठरवा. भारतातून आई-बाबा सहा महिने यायचे असतील तर जिन्याच्या पायऱ्या मोजा. खालच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी खोली काढता येत नाही. ती गाडी, सामान आणि ये-जा एवढ्यासाठीच. पूरविमा कायम ठेवायची अट घराच्या दस्तात नोंदली जाते आणि घर विकलं तरी पुढच्या मालकावर बंधनकारक राहते.

वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. त्याआधी पूरक्षेत्र कार्यालयाला फोन करून विचारा: आमचं घर कुठल्या गटात आहे, एलेव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या उंचीचा दाखला) तुमच्याकडे आहे का, आणि कंत्राटदाराचे पैसे शहर थेट देतं की आधी आम्ही भरायचे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आधी भरायचे असतील तर बँकेशी बोलायला वेळ लागतो.