कवित्वाचे यश कशास म्हणावे?

गेल्या कार्तिकीस एका तरुण टाळकऱ्याने आम्हांस गाठले. त्याने दोनशेवर अभंग रचले आहेत. काही गाऊन मोबाईलवर लोकांपुढे ठेवले आहेत, आणि किती जणांनी ऐकले तो आकडा तो रोज पाहतो. "माउली, आपलं कवित्व साधलं की नाही, हे ओळखायचं कशावरून?" असा त्याचा प्रश्न. आम्हीही चार-दोन पदे जुळवली असल्यामुळे तो आम्हांस चांगलाच झोंबला. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

आकड्यावरच यश मोजायचे, तर आधी नामदेवरायांकडे पाहावे. शतकोटी अभंग करण्याचा त्यांचा पण. तो देहात असता पुरा झाला नाही. पुढे नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन उरलेले कवित्व करण्यास सांगितले, असे तुकोबारायांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आता तुकोबांची, १९५० साली सरकारने छापलेली गाथा घ्या. अभंग साडेचार हजारांहून अधिक. कोटीच्या हिशेबात हे किती? काहीच नाही! पण नामदेवराय हरले असे म्हणणारा वारकरी आम्हांस अजून भेटायचा आहे. त्यांची ६१ पदे १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथात जाऊन बसली, आणि पंढरी कोणत्या दिशेस हे ठाऊक नसलेली माणसेही ती प्रेमाने गातात.

मग यश कशात? आमच्या मते पहिली परीक्षा दिंडीच्या शेपटाला होते. विणेकऱ्याजवळचे टाळकरी गातीलच हो, त्यांना सवय आहे. मागे डोईवर तुळस घेतलेली म्हातारी दुसऱ्या आवर्तनाला ध्रुपद उचलते का, ते पाहावे. अभंगाचा घाटच त्यासाठी आहे. मोठ्या अभंगात साधारण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा आखूड राहतो. दोन अक्षरांची ही काटकसर उगीच नाही. चालता चालता म्हणून पाहा, तेवढ्या फटीत श्वास घेता येतो. आमच्या नवकवींना नेमकी तीच फट भरून काढायची हौस!

लोकमान्यतेचे म्हणाल, तर ती कधी येईल याचा नेम नाही. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी तुकोबांच्या कवित्वास विरोध केला, वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, ही कथा सर्वांस पाठ आहे. आम्हांस त्यातले ते तेरा दिवस फार मोठे वाटतात. हाती वही नाही, गावात मान नाही; शिळेवर पडून देवाशी भांडण मात्र चाललेले. तेराव्या दिवसापूर्वी कोणी विचारले असते, तर यश कोठे दाखवणार होते? आणि पुढचे नवल असे की, तेच रामेश्वरभट शरण आले. तुकोबांची जी आरती आपण आज म्हणतो, ती त्यांचीच.

आता नाममुद्रेचा प्रश्न. आपले पद दुसऱ्याच्या नावावर गेले तर? नामदेवांच्या गाथेत मागाहून झालेल्या कवींचे पुष्कळ अभंग मिसळले आहेत, हे अभ्यासक सांगतात. त्यांचे कर्ते कोण, कोठले, कोणी जाणत नाही. अभंग मात्र चालू आहेत. त्यांचे काही बुडाले असे आम्हांस वाटत नाही. पण हे म्हणणे सोपे आहे. सालोमालो तुकोबांच्या कवित्वात आपले नाव घालू लागला, तेव्हा खुद्द तुकोबांनी त्याला अभंगांतून खरमरीत सुनावले आहे. तेथे आपली काय कथा!

म्हणून त्या तरुणास आम्ही आमचीच फजिती सांगितली. काही वर्षांमागे आषाढीच्या वाटेवर, वाखरीच्या मुक्कामी, रात्री शेजारच्या राहुटीत भजन चालले होते. पद ओळखीचे वाटले. कान दिला, तो आमचेच! आणि शेवटी मुद्रा नामदेवांची. आम्ही तडक उठलो, जोडा पायात घातला, भांडायलाच निघालो. राहुटीच्या दोरापाशी पोचतो तो दुसरे कडवे परत आले. तेथे आम्ही 'प्रवेशद्वारी' असा भारदस्त शब्द योजला होता, आणि सहाच्या जागी सात अक्षरे कोंबली होती. गाणाऱ्यांनी तो काढून 'उंबऱ्यात' म्हटले होते. ओळ सरळ झाली होती. मागे बसलेल्या बायाही ती म्हणत होत्या.

आम्ही बाहेरच उभे राहून पद संपेपर्यंत ऐकले आणि परत फिरलो. आमच्या वहीत आता 'उंबऱ्यात' असेच आहे. मुद्रा मात्र आमचीच ठेवली आहे, तेही त्याला सांगितले. तो हसला, आणि आपल्या वहीतला एक अभंग आम्हांस चालीवर म्हणून दाखवू लागला.